कोकणच्या खासदारांना खुले पत्र: निर्वासितांसाठी कायदा करा, तो आम्हालाही हवा आहे

सन्माननीय सदस्यहो,

डहाणूपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावरून आपण लोकसभेत गेला आहात किंवा राज्यसभेत या किनाऱ्याच्या वतीने बोलता, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. ते उघडपणे लिहिते, कारण हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. आपण काय उत्तर देता ते माझ्यासारख्या इतरांनाही कळायला हवे.

एप्रिल २०२५ मध्ये संसदेने परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा केला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे त्याने रद्द केले. परदेशातून आलेल्या माणसाविषयी भारताची भूमिका नव्याने लिहायची अशी संधी पाऊणशे वर्षांत आली नव्हती. तरीही निर्वासित कोणाला म्हणायचे, जीव वाचवून आलेल्याने अर्ज कुठे करायचा, किती दिवसांत निर्णय व्हायचा, तोवर त्याने काम करायचे की नाही, यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्या कायद्यात नाही. तिबेटी, नोंदणी झालेले श्रीलंकेतील तमिळ आणि शेजारच्या तीन देशांतून आलेल्या सहा अल्पसंख्य समाजांचे लोक यांना सरकारी आदेशाने काही तरतुदींतून सूट मिळाली, तेवढेच. आदेशाने दिलेली सूट आदेशाने काढताही येते.

आपण म्हणाल, रत्नागिरीत कुठे आहे निर्वासितांची छावणी? नाही, इथे छावणी नाही. पण कायद्याने मौन धरले की त्याची किंमत छावणी नसलेल्या गावालाही मोजावी लागते. आम्ही ती मोजतो आहोत.

मासेमारीचा नवा हंगाम सुरू होताना आमच्या भागात एक बैठक झाली. 'बाहेरच्या' माणसाला खोली द्यायची नाही आणि ओळख पटल्याशिवाय बोटीवर घ्यायचे नाही, असे तिथे ठरले. ओळख कोणी पटवायची, तर गावातल्या काही तरुणांनी. त्यांच्या हातात ना कायदा, ना अधिकार, ना प्रशिक्षण. त्यांनी आधी नेपाळी खलाशांना गाठले. १९५० च्या भारत-नेपाळ करारानुसार नेपाळी माणसाला इथे राहण्याचा आणि काम करण्याचा अधिकार आहे, हे त्या तरुणांना माहीत नव्हते. त्यांना ते कोणी सांगितलेही नाही. मग ते आमच्या मोहल्ल्यात आले. आमचे घर, आमची कबरस्तानातली जागा, सातबाऱ्यावरची नावे, सगळे इथले आहे. माझ्या भाच्याकडे त्याच्या आजोबांचा शाळेचा दाखला मागितला गेला. तो दाखवला, तरी मागणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा संशय गेला नाही. मुलगा घरी येऊन काही बोलला नाही, जेवलाही नाही.

परदेशी नागरिक, कामगार, निर्वासित, घुसखोर आणि शेजारी यांच्यातला फरक कायद्याने सांगितला नाही की तो फरक चौकातली माणसे चेहऱ्यावरून आणि नावावरून ठरवतात. माझी पहिली तक्रार हीच आहे.

या विषयाशी माझे नाते त्याआधीचे आहे. माझे अब्बा कुवेतला होते. खेड, चिपळूण, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातली अनेक घरे आखातातल्या पैशावर उभी राहिली, आमचेही त्यातलेच. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये घुसले आणि हजारो कोकणी माणसे एका रात्रीत निराधार झाली. दिनार कागदाचा तुकडा झाला. माणसे मिळेल त्या बसने इराकमधून जॉर्डनच्या सीमेवर पोचली आणि तिथल्या वाळवंटात तंबूंत राहिली. पुढे अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून जास्त भारतीय घरी आले. जगातल्या सर्वांत मोठ्या नागरी विमान-सुटकांमध्ये तिची गणना होते आणि आपण सगळे तिचा अभिमान बाळगतो.

मी मात्र अब्बांकडून जॉर्डनविषयी ऐकत आले. तेव्हा त्या देशाची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास. पाण्याची कायमची टंचाई. त्या काही आठवड्यांत त्यांच्या दारात लाखो परके उभे राहिले: भारतीय, इजिप्शियन, बांगलादेशी, फिलिपिनो, श्रीलंकन. सुरुवातीला गोंधळ झाला, पाण्यावरून भांडणे झाली. तरीही त्यांनी माणसे परत वाळवंटात ढकलली नाहीत. अब्बा त्या पाण्याविषयी शेवटपर्यंत बोलत. त्यांना परत यायला देश होता, घर होते. ज्याला परतायची वाट उरत नाही, तो मात्र तिथेच राहतो, मुले वाढवतो, म्हातारा होतो. निर्वासित दीर्घकाळ राहिले की यजमान देशाचे काय होते, हा खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

याचे उत्तर त्याच जॉर्डनमध्ये शोधले तर बरेच काही कळते. १९९० आणि १९९१ मध्ये कुवेत आणि आखातातून सुमारे तीन लाख पॅलेस्टिनी लोक जॉर्डनमध्ये आले आणि बहुतेक कायमचे राहिले. देशाची लोकसंख्या जवळपास दहाव्या हिश्शाने वाढली. शाळा भरून गेल्या, घरभाडी चढली, बेकारी वाढली. ही झळ खरी होती. पण या लोकांपैकी बहुतेकांकडे जॉर्डनचे पासपोर्ट होते. ते बँकेत खाते उघडू शकत होते, जमीन घेऊ शकत होते, दुकान टाकू शकत होते. त्यांनी आखातातली बचत आणली, अम्मानमध्ये बांधकामाची मोठी लाट आली आणि १९९२ मध्ये अर्थव्यवस्थेने झेप घेतली. त्याच देशात जेराशजवळ दुसरी एक छावणी आहे. १९६७ च्या युद्धानंतर गाझातून आलेली माणसे १९६८ पासून तिथे राहतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना नागरिकत्व मिळाले नाही, राष्ट्रीय क्रमांक मिळाला नाही, त्यामुळे कितीतरी व्यवसाय त्यांना बंद राहिले. जॉर्डनमधल्या पॅलेस्टिनी छावण्यांत ती सर्वांत गरीब मानली जाते. देश तोच, भाषा तीच, लोकही एकाच समाजाचे. एकांकडे बचतही होती हे खरे, पण ती बचत कामाला लावता आली ती हातात कागद होता म्हणून.

मी बँकेत नोकरी केली, बोटींना आणि आंब्याच्या बागांना कर्जे दिली. त्यामुळे कागदाची किंमत मला फार जवळून माहीत आहे. मिरकरवाड्याच्या बंदरात पर्ससीनच्या, म्हणजे मोठ्या घेराच्या जाळ्याच्या, बोटीवर पंचवीस-तीस खलाशी असतात. त्यांत नेपाळी मोठ्या संख्येने. बागेत राखणीलाही तेच. नेपाळी खलाशी निर्वासित नाही, हे मी पुन्हा सांगते. पण कागदांच्या बाबतीत कमकुवत असलेल्या माणसाचा रोजगार कसा ठरतो ते त्याच्याकडे पाहून कळते. हंगामाच्या आधी उचल घेतो, म्हणून मध्येच काम सोडता येत नाही. स्वतःचे खाते नाही, म्हणून पैसे मालकाकडे जमा राहतात आणि मे अखेरीस हिशेब होतो, तोही मालकाच्याच वहीत. समुद्रात काही झाले तर विम्याचा दावा करायला त्याचा नाव-पत्ताही नीट सापडत नाही. सगळेच मालक वाईट आहेत असे मी म्हणत नाही. कित्येकांनी खलाशांच्या घरच्या लग्नांना पैसे दिले आहेत. पण माणसाचे भले मालकाच्या स्वभावावर अवलंबून असेल तर त्याला हक्क म्हणता येत नाही.

आता याच्याही खालच्या पायरीवर, कुठलाच करार आणि कुठलाच देश पाठीशी नसलेला माणूस उभा आहे असे समजा. तो कितीही कमी मजुरीवर येईल. पोलिसाला, मुकादमाला, खोलीमालकाला भिईल. मग त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या आमच्या दालदी, भोई, गाबीत, कोळी मुलाची मजुरी टिकेल का? 'बाहेरचे आले म्हणून आमची मजुरी पडली' ही तक्रार मी बंदरात अनेकदा ऐकली आहे आणि ती मला खोटी वाटत नाही. मजुरी पडते ती माणूस परका असल्यामुळे पडत नाही. त्याला 'नाही' म्हणायची सोय नसते, म्हणून पडते. ती सोय कायदाच देऊ शकतो.

निर्वासितांमुळे काही नुकसान होत नाही असे सांगणारी माणसे मला भेटली आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. नुकसान होते, आणि ते नेमके कोणाचे होते ते बघावे लागते. बांगलादेशातला कॉक्स बाजार जिल्हा आपल्यासारखाच मासेमारीवर, मिठागरांवर आणि पर्यटनावर जगणारा. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाईन प्रांतातून सात लाखांहून जास्त रोहिंग्या तिथे आले. १९७८ आणि १९९१-९२ च्या लाटांतले आधीचे होतेच. उखिया आणि टेकनाफ या दोन तालुक्यांत मूळ रहिवासीच संख्येने कमी पडले. सरकारने रोहिंग्यांना रीतसर काम करू दिले नाही, म्हणून त्यांनी चोरून, कमी मजुरीवर काम केले आणि स्थानिक मजुराची रोजची कमाई घसरली. भाजी-मासळी महागली. सरपणासाठी आणि तंबूंसाठी हजारो एकर जंगल गेले, त्यात हत्तींचे रस्तेही गेले. सरकारने म्यानमारच्या सीमेवरच्या नाफ नदीत मासेमारीला बंदी घातली आणि ती अनेक वर्षे चालू राहिली. ज्यांचा या सगळ्यात काही दोष नव्हता, त्या बांगलादेशी कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर पडून राहिल्या. आमच्याकडे जून-जुलैच्या दोन महिन्यांच्या बंदीत घरांचे काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. ती बंदी वर्षानुवर्षे चालली तर काय होईल ते मनात आणून पाहा.

दुसरीकडे त्याच जिल्ह्यात घरमालकांना चांगले भाडे मिळाले, मदतसंस्थांमध्ये शिकलेल्या तरुणांना नोकऱ्या मिळाल्या, वाहतूकदारांना धंदा मिळाला. टांझानियाच्या कागेरा भागातही असेच झाले होते. एप्रिल १९९४ च्या अखेरीस रवांडातून एका दिवसात सुमारे अडीच लाख माणसे सीमा ओलांडून तिथे आली. पुढच्या वर्षांत असे दिसले की ज्यांच्याकडे जमीन होती त्यांना मजूर स्वस्त मिळाले आणि केळीला गिऱ्हाईक मिळाले. जे स्वतः दुसऱ्याच्या शेतात राबत होते, त्यांची रोजी गेली. म्हणजे फायदा बागायतदाराला आणि तोटा गड्याला. देशाचा एकूण आकडा काढला तर कदाचित नफाच दिसेल, पण गड्याच्या चुलीला त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

म्हणून माझी दुसरी तक्रार अशी: आपल्याकडे या विषयावर बोलणारे दोन्ही बाजूंचे लोक गड्याविषयी बोलतच नाहीत. एक बाजू माणुसकी सांगते आणि हिशेब टाळते. दुसरी बाजू भीती सांगते, आणि हिशेब तीही मांडत नाही. माणुसकीचा खर्च कोणी उचलायचा हे ठरवले नाही की तो आपोआप सर्वांत गरिबाच्या डोक्यावर येऊन बसतो, आणि मग तोच गरीब निर्वासितावर धावून जातो.

युगांडाने या बाबतीत काहीतरी करून दाखवले. तिथल्या २००६ च्या कायद्याने निर्वासिताला काम करण्याचा आणि फिरण्याचा हक्क मिळाला, वस्त्यांमध्ये कसायला जमिनीचे तुकडे मिळाले. मदतीचा सुमारे तीस टक्के वाटा आसपासच्या स्थानिकांसाठी ठेवायचे धोरणही आखले गेले. शाळा, दवाखाना, विहीर दोघांसाठी. आता बाहेरचा पैसा आटतो आहे आणि तिथेही जमिनीवरून, सरपणावरून ताण वाढला आहे. तरी तत्त्व मला पटते: गावात पाहुणा आला तर गावाची विहीर आधी खोल झाली पाहिजे. कोलंबियाने २०२१ मध्ये व्हेनेझुएलातून आलेल्या सतरा लाखांच्या आसपास माणसांना दहा वर्षांचे संरक्षण आणि काम करण्याचा परवाना देण्याचा निर्णय घेतला. कोलंबिया काही श्रीमंत देश नाही. केनियात काकुमाच्या छावणीत १९९२ पासून माणसे आहेत. काम आणि प्रवास यांच्यावर कडक बंधने असूनही तिथे दोन हजारांहून जास्त दुकाने आणि धंदे उभे राहिले. भोवतालचे तुर्काना पशुपालक तिथेच लाकूड, कोळसा, जनावरे विकतात. माणसाला तीस वर्षे नुसते रेशनवर बसवता येत नाही. तो काहीतरी करणारच, आणि ते उजेडात करू द्यायचे की अंधारात, एवढेच सरकारच्या हाती असते.

आणि रेशनचा तरी भरवसा काय? २०२३ मध्ये पैसे कमी पडले तेव्हा कॉक्स बाजारच्या छावण्यांत माणशी महिन्याला बारा डॉलरचे अन्न आधी दहावर आणि मग आठवर आणले गेले. आठ डॉलरमध्ये महिना.

आता आपल्या देशाकडे येते. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. तरी भारताने माणसे घेतली आहेत आणि फार मोठ्या मनाने घेतली आहेत. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक आले. त्या वेळी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. मुंबईच्या चाळीतून आमच्या घरी येणाऱ्या पत्रांवर ते असायचे. गिरणीत राबणारा कोकणी चाकरमानीही तो पैसा भरत होता. म्हणून 'हा विषय आमचा नाही' असे कोकणातल्या कोणी म्हणू नये. त्यासाठी आम्ही पैसे मोजले आहेत.

पण त्यानंतर आपण काय केले? तिबेटी १९५९ पासून इथे आहेत. कर्नाटकात बैलकुप्प्याला, आपल्या राज्यात गोंदिया जिल्ह्यात नॉर्ग्येलिंगला त्यांच्या वसाहती आहेत. त्यांना जमिनी मिळाल्या, शाळा मिळाल्या, थंडीत शहरोशहरी स्वेटरचे बाजार लावता आले. त्यांच्यामुळे आसपासच्या गावांचे नुकसान झाले असे कोणी म्हणत नाही. श्रीलंकेतले तमिळ १९८३ पासून तमिळनाडूत आहेत, अजूनही शंभराहून जास्त छावण्यांत. तिथे जन्मलेली मुले इंजिनिअर झाली, पण सरकारी नोकरी नाही, पासपोर्ट नाही. चाळीस वर्षे ज्यांच्या शिक्षणावर राज्याने खर्च केला, त्यांच्या कष्टाचा उपयोग करून घ्यायला आपणच तयार नाही. हे आर्थिकदृष्ट्याही शहाणपणाचे नाही. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कप्ताई धरणाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला चकमा लोकांची जमीन बुडवली. त्यांतले हजारो आणि त्यांच्याबरोबर हाजोंग लोक १९६४ पासून आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्यांच्या जिवाचे रक्षण करायला सांगितले, २०१५ मध्ये नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढायला सांगितले, आणि प्रश्न अजून धुमसतोच आहे. धरणाने उठवलेली माणसे काय भोगतात ते रत्नागिरी-रायगडला सांगायला नको. कोयनेच्या पाण्याने उठवलेली माणसे आमच्या शेजारी राहतात. त्यांतल्या अनेकांना स्वतःच्याच राज्यात जमिनीच्या कागदासाठी पिढ्या घालवाव्या लागल्या.

२०२१ च्या म्यानमारमधल्या लष्करी बंडानंतर तिथल्या चिन प्रांतातले हजारो लोक मिझोराममध्ये आले. केंद्राकडून स्पष्ट धोरण नसताना मिझो गावांनी, चर्चच्या मंडळींनी, तरुणांच्या संघटनेने त्यांना भात दिला, निवारा दिला. छोट्या राज्याने मोठ्या राष्ट्राचे काम केले. पण हा भार कायम मिझोरामनेच का सोसावा? ही माझी तिसरी तक्रार. कायदा नसल्यामुळे भाराची वाटणी होत नाही. जो सीमेवर आहे त्याच्याच गळ्यात तो पडतो, आणि बाकीची राज्ये हात झटकतात.

सुरक्षेचा मुद्दा आपण काढणार हे मला माहीत आहे. तो काढलाच पाहिजे. जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये आमच्याच किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला शस्त्रे आणि स्फोटके उतरली. २६ नोव्हेंबर २००८ चे मारेकरीही मासेमारीच्या बोटीतून आले. मोहल्ल्यात राहणाऱ्या आम्हाला या दोन घटनांची झळ दुहेरी बसली आहे. पण शेखाडीला माल उतरवणारे आसरा मागायला आलेले नव्हते, आणि त्यांना वाट करून दिल्याबद्दल आपल्याच कस्टम आणि पोलीस खात्यांतल्या माणसांना न्यायालयाने शिक्षा दिल्या. २००८ नंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे दिली, कारण नोंद झालेल्या माणसापेक्षा नोंद न झालेला माणूस जास्त धोक्याचा, हे सरकारला पटले. मग हीच गोष्ट आसरा मागणाऱ्याला का लागू नये? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात भारत ही धर्मशाळा नाही असे म्हटले गेले. मान्य आहे. पण धर्मशाळेतसुद्धा दाराशी नोंदवही असते, आणि आपण तेवढीही ठेवलेली नाही. आसामात १९७९ ते १९८५ अशी सहा वर्षे आंदोलन पेटले. त्यामागे हीच भीती होती की कोण कधी आले याची खात्री देणारी नोंदच नाही.

माझी चौथी तक्रार आपल्याविषयी आहे, सन्माननीय सदस्यहो. २०१५ मध्ये शशी थरूर यांनी आश्रयाविषयीचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. ते कायदा झाले नाही. पक्ष कोणताही असो, कोकणातून गेलेल्या सदस्यांनी या विषयावर ठोस भूमिका घेतल्याचे मी ऐकलेले नाही. ज्या शहरात थिबा पॅलेस उभा आहे, त्या शहराला तर हा विषय अनोळखी नसावा. ब्रिटिशांनी ब्रह्मदेशाच्या राजाला १८८६ मध्ये इथे आणून ठेवले. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला, १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याची नात रत्नागिरीतच वाढली, इथलीच झाली, गरिबीत जगली. तीस वर्षे सक्तीने राहिलेल्या त्या कुटुंबाचे रक्त आज इथल्या साध्या घरांत आहे. नवगाव-अलिबागकडे पूर्वजांचे जहाज फुटल्याची आठवण सांगणारे बेने इस्रायल, म्हणजे इथले ज्यू, कोकणात तेल गाळत मराठी झाले. हे मी गौरव म्हणून सांगत नाही. दीर्घकाळ राहिलेली माणसे शेवटी इथलीच होतात, म्हणून त्यांचे काय करायचे हे सुरुवातीलाच ठरवावे लागते, एवढ्यासाठी सांगते.

आता माझ्या मागण्या.

निर्वासिताची व्याख्या करणारा आणि त्याला लागू होणारा कायदा संसदेत आणा. व्याख्येत धर्म किंवा देश यांची यादी नको. जिवाला धोका आहे की नाही, एवढेच निकष असू द्या. घटनेचे एकविसावे कलम प्रत्येक व्यक्तीच्या जिवाचे रक्षण करते, फक्त नागरिकाच्या नाही.

अर्ज घेणारी आणि ठरावीक मुदतीत निर्णय देणारी यंत्रणा नेमा. नकार द्यायचा असेल तर कारणे देऊन नकार द्या आणि अपिलाची सोय ठेवा. सगळ्यांना घ्या असे मी म्हणत नाही. ज्याला घ्यायचे त्याला घ्या, ज्याला नाही त्याला तसे सांगा, पण माणसाला आणि त्याच्या मुलांना चाळीस वर्षे मधल्या अवस्थेत ठेवू नका.

ज्याचा दावा मान्य झाला त्याला ओळखपत्र, बँक खाते आणि काम करण्याचा परवाना द्या. २०११ पासून केंद्राच्या अंतर्गत कार्यपद्धतीने काहींना दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो. ती पद्धत कायद्यात आणा. स्थानिकाला जे किमान वेतन, तेच त्यालाही, आणि त्याहून कमी देणाऱ्या मालकावर कारवाई. ही मागणी मी निर्वासितासाठी जितकी करते तितकीच बंदरात आणि बागेत राबणाऱ्या आमच्या मुलांसाठी करते.

जिथे निर्वासित राहतील तिथल्या शाळा, आरोग्य केंद्र, पाणी आणि जंगल यांच्यासाठी केंद्राने वेगळा निधी द्यावा, आणि त्यातला ठरावीक हिस्सा स्थानिकांवरच खर्च व्हावा. भार सर्व राज्यांत वाटून घ्यावा. महाराष्ट्राच्या वाट्याला जो येईल तो आला पाहिजे, कोकणाच्या वाट्याला येईल तोही.

आणि एक मागणी दिल्लीपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलीस अधीक्षकांना आपण आजच सांगू शकता की कागद तपासण्याचा अधिकार फक्त नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. गावातल्या कोणत्याही गटाने ते काम अंगावर घेतले तर गुन्हा नोंदवा. नेपाळी खलाशांच्या अधिकारांची माहिती मराठीत आणि नेपाळीत लिहिलेला फलक प्रत्येक जेटीवर लावा. त्यांचे वेतन त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा होईल अशी सोय करा.

संसदेच्या पुढच्या अधिवेशनाआधी आपण या मागण्यांवर आपली भूमिका लेखी जाहीर करावी. आपण त्यांच्या विरोधात असाल तरी तसे कारणांसह सांगा. त्यावर वाद घालायला आम्ही तयार आहोत. आपले उत्तर मी बंदरावर आणि मोहल्ल्यात वाचून दाखवीन, आणि ज्या बैठकीत तो ठराव झाला तिथेही घेऊन जाईन.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
रत्नागिरी